भरमूच्या दारातलं पाणी

"महिनाभर? आणि तो कशासाठी?" माताजींनी विचारलं.

"कशासाठी म्हंजे?" जिनगोंडा म्हणाला. "उपवास कशासाठी करत्यात, माताजी? आत्म्याच्या कल्याणासाठी."

 माताजी नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या...

जिनगोंडानं पटक्याचा शेव सारखा केला. मग खाली पाहत म्हणाला, "भावासाठी."

आर्यिका निरंजनमती माताजींचा चातुर्मास त्या वर्षी वारणाकाठच्या आमच्या गावात होता. आमच्या जैन मंदिराला आम्ही बस्ती म्हणतो. बस्तीच्या ओवरीत त्या राहत. वय ऐंशीच्या पुढचं. अंगावर एक पांढरी साडी, जवळ मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू, एवढाच संसार. बोलणं इतकं कमी की लांबून प्रवचन ऐकायला आलेली माणसं लवकरच परतीची एसटी धरत.

मी बस्तीचा उपाध्ये. पूजा माझ्याकडे, किल्ल्याही माझ्याकडे. त्यामुळे कोण येतो, काय बोलतो, हे माझ्या कानावर पडायचंच. जिनगोंडा आला तेव्हा मी गंध उगाळत बसलो होतो.

जिनगोंडा पाटील म्हणजे उपवासाच्या बाबतीत आमच्या गावचा वाघ. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वाचे सगळे दिवस नुसत्या पाण्यावर काढावेत ते त्यानंच. उपवास सुटला की मिरवणूक. पुढं बँड, मागं सजवलेला ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर खुर्ची आणि खुर्चीत फेटा बांधलेला जिनगोंडा. बाकीच्या बाबतीत तो कसा होता हे गावाला विचारावं लागत नसे, गाव आपणहून सांगे. सून असो, गडी असो, दूध घालायला आलेला असो, एकदा त्याचं तोंड सुटलं की समोरच्याची धडगत नसे.

"भावाला काय झालंय?" माताजींनी विचारलं.

"भरमू आता ऱ्हात न्हाई म्हंत्यात. मिरजेच्या दवाखान्यातनं सोडलाय. घरी न्या म्हणाले."

"मग भेटून ये. घर लांब आहे का?"

"भिंतीला भिंत हाय."

"मग?"

 बाहेर कुणीतरी बस्तीची घंटा वाजवली.

"मला जाता येत न्हाई, माताजी. जायचं म्हंतो, पर गेलो की तोंडातनं भलतंच बाहेर पडतंय."

"कधी गेला होतास?"

"गेल्या क्षमावाणीला."

पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणीचा दिवस येतो. लहान थोर बघायचं नाही. ज्याच्या त्याच्यापुढं हात जोडायचे आणि वर्षभरात काही चुकलं असेल त्याची क्षमा मागायची. माणसं एकमेकांच्या दारात जातात, दूरच्यांना फोन करतात. भांडलेल्या जावा त्या दिवशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात.

"उपवास झाला होता," जिनगोंडा सांगू लागला. "मिरवणूक आमच्या बोळात आली. म्हटलं, हीच वेळ. ट्रॅक्टर थांबीवला, बँड थांबीवला. भरमू काठी टेकत भाईर आला. सगळं गाव बघतंय. मी हात जोडलं आणि म्हणालो..."

"काय म्हणालास?"

"म्हणालो, भरमू, मी तुला क्षमा केली."

माताजींच्या हातातली पिच्छी थांबली.

"केली म्हणालास?"

"केली म्हणालो."

"मागायची असते, जिनगोंडा."

"म्हाईत हाय की! चड्डी घालत न्हवतो तवापासनं म्हाईत हाय. खुर्चीत बसल्यापासनं 'मागतो, मागतो' असंच घोकत आलो हुतो. पर त्यो म्होरं आला, लोकं बघाय लागली, आणि तोंडानं 'केली' म्हटलं." त्यानं मांडीवर हात आपटला. "त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आत गेला आणि कडी घातली."

मी गंध उगाळायचं थांबवलं होतं. त्या दिवशी मीही त्या मिरवणुकीत होतो. ती कडी मला ऐकू आली होती. त्यानंतर बँडवाल्यांना कुणी 'वाजवा' म्हणेना.

"आणि मागायची होती ती कशाबद्दल?" माताजींनी विचारलं.

हे सांगायला त्याला फार वेळ लागला. मध्येच थांबे, पटका काढून मांडीवर ठेवी, परत घाली.

बस्तीत नवीन मूर्ती बसली तेव्हाची गोष्ट. मूर्तीवर पहिला कलश कुणी घालायचा, यासाठी आमच्यात बोली लागते. जो जास्त बोलेल त्याचा मान. त्या दिवशी जिनगोंडा बोलला आणि भरमू त्याच्यावर चढला. परत जिनगोंडा बोलला, परत भरमू चढला. भरमूनं आईला शेजारी बसवलं होतं. म्हातारी थकली होती. पहिला कलश तिच्या हातून पडावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण भर मंडपात धाकटा भाऊ आपल्यावर चढतोय, एवढंच जिनगोंडाला दिसलं. त्यानं बोली जिंकली. आणि जिंकल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बोली बोलायला दम लागतो, भरमू. नुसती आई शेजारी बसवून भागत न्हाई."

म्हातारीनं ते ऐकलं. उठली, भरमूचा हात धरला आणि मंडपातून घरी गेली. जिनगोंडानं वाजतगाजत पहिला कलश घातला. म्हातारी पुढं वारली ती भरमूच्याच घरात. दोघा भावांनी तिला एकत्र खांदा दिला, पण एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून भरमू बस्तीची पायरी चढला नव्हता.

"ह्ये सगळं आत बसलंय," जिनगोंडा छातीवर बोट टेकवून म्हणाला. "दशलक्षणाच्या उपवासानं जळत न्हाई. म्हणून म्हंतो, महिन्याचा करतो. सोळाकारण व्रताचा. पूर्ण. सगळं जळून जाऊ दे. मग नवा माणूस हुईन आणि क्षमावाणीला जाऊन नीट मागीन. आशीर्वाद द्या."

"उपवास सुटल्यावर पहिला घास घेतोस, तेव्हा काय होतं?"

"पहिल्या घासाला काय हुत न्हाई."

"दुसऱ्याला?"

जिनगोंडानं माझ्याकडे पाहिलं. मी गंधाकडे पाहिलं.

"गेल्या साली दुसऱ्या घासाला सुनेच्या अंगावर वरडलो. ताकाचा तांब्या उशिरा आणला म्हणून."

माताजी हसल्या नाहीत. मला मात्र तोंड फिरवावं लागलं.

"उपवास नको," त्या म्हणाल्या. "त्याच्या घरी जा. त्याच्यापाशी थोडा वेळ बस."

"महिन्याच्या उपवासाबरोबर मौनबी धरतो, माताजी."

"बसू नको. दारात उभा राहून तब्येत विचार."

"मीठ सोडतो. जन्मभर."

"विचारूही नको. त्याच्या दारापर्यंत जा आणि परत ये."

"दूध, तूप, साखर, समदं सोडतो! आणखी काय सोडू सांगा!"

त्याचा आवाज चढला होता, अगदी त्या मंडपात चढला होता तसा. बोली बोलायची त्याला जन्माची सवय. पण समोरचं माणूस दर खेपेला खाली उतरत होतं, आणि याला काही हाताला लागत नव्हतं.

"रोज सकाळी एक तांब्या पाणी ने," माताजी म्हणाल्या. "गाळलेलं. तू गाळलेलं. त्याच्या कट्ट्यावर ठेव आणि ये. बोलायचं नाही. थांबायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"त्यानं काय हुणार?"

"काही नाही."

"मग?"

माताजी पिच्छीची पिसं सारखी करू लागल्या.

"त्यानं वतून दिलं तर?"

"ते त्याचं. ठेवणं तुझं."

आता मात्र जिनगोंडा भडकला. "माताजी, मी महिनाभर अन्नाशिवाय ऱ्हाऊ शकतो. सांगा गावात आणि कोण ऱ्हातो! आणि तुमी मला तांब्या उचलायला सांगताय?"

"उचलवेल?"

तो ताडकन उठला. एवढा बोलला होता की त्याच्या घशाला कोरड पडली होती. अंगणातल्या विहिरीवर गेला, पोहरा ओढला, कळशीवर दुहेरी गाळणं धरलं, पाणी ओतलं आणि ओंजळीनं घटाघट प्याला. मग गाळणं फरशीवर झटकलं आणि दोरीवर टाकलं.

हे वाचणाऱ्या बाहेरच्या माणसाला त्यात काही वावगं दिसणार नाही. पण आमच्यात पाणी गाळून प्यायचं ते केवळ आपल्या पोटासाठी नाही. गाळण्यावर जे बारीक जीव राहतात, ते ज्या विहिरीतून आले त्या विहिरीत परत सोडायचे. गाळणं उलटं धरायचं, वरून गाळलेलं पाणी घालायचं आणि ते पाणी तळाला कडी असलेल्या लहान बादलीतून खाली सोडायचं. बादली पाण्याला टेकली की मगच उलटी करायची, म्हणजे जीव वरून आदळत नाहीत. याला जिवाणी म्हणतात. आमच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. उन्हानं तापलेल्या फरशीवर जिनगोंडानं झटकलेलं पाणी बघता बघता वाळलं.

"जिनगोंडा," माताजींनी ओवरीतून हाक मारली.

"जी."

"पाणी तू प्यालास. गाळण्यावर राहिले होते, ते कुठं गेले?"

त्यानं फरशीकडे पाहिलं. मग दोरीवरच्या गाळण्याकडे. मग परत फरशीकडे.

"घरात ह्ये सून करती," तो म्हणाला.

"तिच्याआधी?"

"बायको करायची. आता ती न्हाई."

"तिच्याआधी?"

"आई."

"आणि तू?"

"मी..." त्याचा आवाज खाली आला. "मी उपवास करायचो."

तो विहिरीच्या कठड्यावर बसला. जरा वेळानं त्याचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला कळलं की हा रडतोय. जिनगोंडा पाटलाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बायको गेली तेव्हाही तो मांडववाल्याशी भांडत होता.

"आई आमा दोघांस्नी जिवाणी सोडायला धाडायची," तो कुणाकडेच न पाहता म्हणाला. "मला घाई असायची. बादली धप्पदिशी सोडायचो. भरमू दोरी धरायचा आणि म्हणायचा, सावकास, दादा. धाकटा असून मला म्हणायचा..."

माताजींनी त्याला रडू दिलं.

मग तो तोंड धुऊन आला, त्यांच्यापुढं बसला आणि हात जोडून म्हणाला, "द्या नियम. क्षमावाणीपातूर करतो."

"पर्यंत नाही. घ्यायचा तर रोजचा घे."

त्यानं मान हलवली आणि नियम घेतला. फेटा बांधून मिरवायला यात काही नव्हतं, त्यामुळे गावाला नियमाचा पत्ताही लागला नाही.

पहिल्या दिवशी भरमूच्या बायकोनं, त्रिशलानं, तांब्या उचलला आणि पाणी जाईच्या बुडात ओतलं. जिनगोंडानं ते आपल्या गच्चीवरून पाहिलं. तणतणत बस्तीत आला. "वतलं! माझ्या डोळ्यांदेखत वतलं!"

"उद्या?" माताजींनी विचारलं.

"उद्या नेतो," तो म्हणाला आणि तसाच तणतणत गेला.

नंतर बरेच दिवस तांब्या जिथं ठेवला तिथंच राही. दुसऱ्या सकाळी तो उचलायचा, दुसरा ठेवायचा. गल्लीतली माणसं बघायची आणि डोळे मिचकावायची. घरी मात्र सुनेला एक गोष्ट जाणवली. सासरे पहाटे उठून स्वतः विहिरीवर जातात आणि त्या वेळेला कुणावर ओरडत नाहीत. नंतर दिवसभर ओरडतातच, पण तेवढा वेळ नाही. असं ती माझ्या बायकोला म्हणाली.

मध्येच एकदा तो दुपारी आला, चेहरा पाडून.

"वंदामि, माताजी. नियम मोडला. काल कारखान्याच्या मीटिंगला गेलो आणि ऱ्हाऊन गेलं. आता प्रायश्चित्त द्या. मोठं द्या."

"आज नेलंस?"

"आज कसं नेऊ? मोडला न्हवं कालच? प्रायश्चित्त झाल्यावर..."

"ऊठ. नेऊन ठेव."

"दुपारचं?"

"त्याला दुपारी तहान लागत नसेल तर राहू दे."

तो उठला. पाटलासारखा पाटील, भर उन्हात तांब्या घेऊन बोळातून गेला.

आणि एका सकाळी तो बस्तीत आला तो जवळजवळ पळतच. त्याला धाप लागली होती. मी म्हटलं, झालं, भरमू गेला. पण ते नव्हतं.

"बोलला!" जिनगोंडा म्हणाला. "माताजी, भरमू बोलला."

त्यानं तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि वळला, तोच आतून आवाज आला, "कोण हाय?" आधीचा जिनगोंडा असता तर 'तुझा बा' म्हणाला असता. ते जिभेवर आलंही होतं, असं त्यानंच सांगितलं. पण हातात तांब्या होता त्याची ओल अजून बोटांना होती. तो म्हणाला, "पाणी."

 मग भरमूनं विचारलं, "गाळलंयस?"

"व्हय."

"जिवाणी?"

"हिरीत सोडली."

"धप्पदिशी टाकली असशील."

"न्हाई. सावकास सोडली."

मग आतून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला होता का हसू, यावर जिनगोंडा माताजींपुढं बराच वेळ बोलत बसला. खोकला म्हणावा तर लहान होता. हसू म्हणावं तर भरमूच्या अंगात तेवढी ताकद नव्हती. शेवटी त्याचं त्यालाच काही ठरवता आलं नाही.

त्या दिवसापासून त्रिशला तांब्या हातात घ्यायला लागली. आणि रोज तेच बोलणं. गाळलंयस? व्हय. जिवाणी? सोडली. दुसरा शब्द नाही. पण तेवढ्यासाठी जिनगोंडा पहाटेपासून जागा असायचा. एकदा मी त्याला विहिरीवर बादली सोडताना पाहिलं. कठड्यावर ओणवा होऊन, ओठ दाबून, दोरी बोटाबोटानं खाली सोडत होता. बादली टेकल्यावरही क्षणभर तसाच थांबला.

"आता बोलून टाक," एकदा माताजी म्हणाल्या.

"काय?"

"जे मागायचं आहे ते."

"क्षमावाणीला बोलतो की. आता आलीच. मंडपात सगळ्यांपुढं त्याला टाकून बोललो, सगळ्यांपुढंच परत घेतो. बँड न्हाई, ट्रॅक्टर न्हाई. चालत जातो, आणि त्याच्या पायावर डोकं ठेवतो."

"आजही ठेवता येईल."

"असं? तांब्या ठेवता ठेवता?" जिनगोंडा हसला. "एवढी मोठी गोष्ट, माताजी. तिला तिचा दिवस पायजे."

माताजी त्याच्याकडे पाहत राहिल्या... आणि मग काही बोलल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मी त्यांच्या जागी असतो तर त्याची मानगूट धरून त्याला बोळात ढकललं असतं. पण मी त्यांच्या जागी नव्हतो, आणि माझ्या जागेवरूनही मी काही बोललो नाही.

पर्व लागलं. बस्तीत गर्दी वाढली. माणसांना वाटलं, यंदाही जिनगोंडा उपवासाला बसणार, पण तो दोन वेळा जेवत होता. लोकांना ते बघवेना. "पाटील थकला," असं कट्ट्याकट्ट्यावर चाललं होतं.

पर्वाचे अजून थोडे दिवस राहिले होते. अशाच एका सकाळी जिनगोंडा तांब्या घेऊन गेला. तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि आतल्या आवाजाची वाट बघत उभा राहिला. आवाज आला नाही. त्यानं स्वतःच सांगितलं, "गाळलंय, भरमू." तरी नाही. "जिवाणी सोडली. सावकास सोडली."

दार उघडलं. त्रिशला उंबऱ्यात उभी होती. तिनं तांब्या घेतला नाही.

भरमू पहाटेच गेला होता.

दुपारी त्याला नदीकाठी नेलं. जिनगोंडानं खांदा दिला. आंघोळ केली आणि ओल्या डोक्यानं तो तडक बस्तीकडे आला. सुतक होतं, त्यामुळे आत येता येत नव्हतं. फाटकाबाहेर उभा राहिला. मी माताजींना सांगितलं. त्या भिंतीच्या आधारानं फाटकापर्यंत आल्या. एवढं चालत त्या कुणासाठी येत नसत.

"गेला," जिनगोंडा म्हणाला.

माताजींनी मान हलवली.

"त्यो शब्द ऱ्हायला, माताजी. रोज जात हुतो मी त्याच्या दारात. रोज! तोंड हुतं, जीभ हुती, त्योबी ऐकत हुता. चार हातांवर पडला हुता. आणि मी... मी दिवसाची वाट बघत बसलो."

"होय," माताजी म्हणाल्या.

"त्यो काय म्हणून गेला असंल? ह्यो म्हातारा पाणी आणतोय खरा, पर अजूनबी मागत न्हाई, असंच म्हणून गेला असंल न्हवं?"

"मला ठाऊक नाही."

"तुमी तरी म्हणायचं हुतंत."

"म्हणायला हवं होतं," माताजी म्हणाल्या. "अजून एकदा म्हणायला हवं होतं. मी गप्प राहिले."

त्यांच्या तोंडून असं काही ऐकण्याची जिनगोंडाला सवय नव्हती. मलाही नव्हती. तो फाटकाचे गज धरून खाली बसला. सकाळचा तांब्या त्यानं शेजारी टेकवला होता, तसाच भरलेला. अंत्यविधीच्या गडबडीत तो कुणी दिला, कुणी ठेवला, परत त्याच्याकडे कसा आला, कोण जाणे.

"आता तरी द्या," तो म्हणाला. "महिन्याचा द्या. दोन महिन्यांचा द्या. मरस्तोवर द्या. कायतरी मोठं द्या, माताजी, एवढ्याशानं माझं भागत न्हाई आता. तांब्याचा नियम तर संपला. ज्याच्यासाठी घेतला, त्योच न्हाई."

माताजींनी त्या भरलेल्या तांब्याकडे पाहिलं. बस्तीत संध्याकाळच्या आरतीची तयारी चालली होती, कुणीतरी समया पुसत होतं. मला आत जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"जिनगोंडा..."

"जी."

"त्रिशलानं सकाळपासून पाणी घेतलंय का?"